खाल्लेलं जातं कुठे?

खोल्या बघायला गेलो तेव्हा भाड्याची गोष्ट काढायच्या आधीच घरमालकांनी माझ्या आईला विचारलं, "तुम्ही मायलेकी दिवसाला किती खाता?"

आईचा चेहरा उतरला. रेशनच्या रांगा तेव्हा कुणी विसरलं नव्हतं. तिला वाटलं, हा माणूस आपली ऐपत तपासतोय. "खातो आमच्यापुरतं," ती तुटकपणे म्हणाली.

"तसं नव्हे हो. पोळ्या किती, भात किती? आणि तेवढं खाऊन दोघी अशा काटकुळ्या कशा? खाल्लेलं जातं कुठे?"

आतून बारीक आवाज आला, "अहो, त्यांना आधी बसायला तरी सांगा."

त्या काकू, घरमालकांची बायको. पाठोपाठ चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. काकू आम्हा दोघींपेक्षाही काटकुळ्या होत्या. पण हा प्रश्न घरमालकांनी त्यांना कधी विचारला असेल, असं त्यांच्याकडे बघून वाटलं नाही.

मुलुंडला स्टेशनकडून डोंगराच्या बाजूला चालत गेलं, की घरं विरळ होत जायची आणि भातखाचरं सुरू व्हायची. त्या हद्दीवर काकांचं बैठं घर होतं, वर सपाट गच्ची, पुढे लांबलचक व्हरांडा. व्हरांड्यात दोन बिऱ्हाडांची दारं उघडायची, एक आमचं आणि एक सामंतांचं. काका-काकू मागच्या अंगाला राहत. काका सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. सगळी गल्ली त्यांना बॉयलरकाका म्हणायची, तेव्हा खरं नाव सांगून काही उपयोग नाही. मी शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. हे कळल्यावर त्यांनी भाड्याचा आकडा आपणहून खाली आणला. आईला त्यात काहीतरी काळंबेरं वाटलं. मला मात्र पुढे कळलं, की त्यांना भाडेकरू नको होता, माहीतगार हवा होता.

माणूस उंच, किंचित पुढे वाकलेला. आयुष्यभर बॉयलरच्या तोंडातून आत-बाहेर केल्यामुळे पाठीला तेच वळण पडलं असावं. भेटलेल्या माणसाच्या हाताला पालथा पंजा लावून बघायची त्यांना सवय होती. नमस्कार करता करता तुमचा ताप बघितलेला असायचा. शेजारच्या घरातला स्टोव्ह नुसत्या आवाजावरून ओळखायचे आणि कुंपणावरून ओरडायचे, "वहिनी, पिन मारा! अर्धं रॉकेल वाया चाललंय!" आणि एक गोष्ट त्यांना अजिबात खपत नसे. कुणाला कुणी आळशी म्हटलेलं. एकदा माझी आई भांडीवालीबद्दल तसं काही म्हणाली, तर ते म्हणाले, "आळस हे कारण नव्हे हो. ती तक्रार झाली. कारण आत उतरल्याशिवाय कळत नाही."

यामागची हकिगत त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. ते नोकरीत नवे असताना एका गिरणीतला बॉयलर एकाएकी जास्त कोळसा खायला लागला. वाफ पूर्वीएवढीच. मॅनेजरने हिशेब मांडला, की आगवाले कोळसा बाहेर विकतायत. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या दोघा जुन्या माणसांना त्याने घरी पाठवलं. नंतर तपासणीसाठी बॉयलर थंड केला आणि काका आत उतरले. बघतात तर नळ्यांवर क्षारांचा बोटभर जाड थर. उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नव्हती. "ते बिचारे जास्तीची फावडी मारून वाफ राखत होते," काका म्हणाले. "सगळ्यात जास्त राबत होते, आणि चोरही तेच ठरले." आगवाल्यांना परत घेतलं का, असं मी विचारलं. "एकाला. दुसरा तोवर गावी निघून गेला होता."

निवृत्त झाल्यावर तपासायला बॉयलर उरले नाहीत, म्हणून ते जनावरांकडे वळले. सकाळी डोंगराच्या पायथ्याशी जाऊन वानरं बघत बसायचे. त्यातली एक वानरीण सगळ्यांच्या बरोबरीने ओरबाडून खायची, तरी बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. उडी मारायच्या आधी थांबायची. काकांना तिने वेड लावलं.

"तिच्या पोटात जंत असतील," मी म्हटलं.

"जंगलातल्या वानराच्या?"

"काका, रानातला बिनजंताचा प्राणी शोधायला गेलात तर दमाल. पोटात, फुप्फुसात, कातडीवर, पिसांत, कुठे ना कुठे कोणीतरी राहत असतंच."

ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे दर बॉयलरमध्ये पोटभाडेकरू?"

"हो."

"आणि भाडं?"

"भाडं कसलं? उलट घरमालकाचंच खातात."

त्यांना एवढा आनंद झाला, की त्यांनी काकूंना हाक मारून ते पुन्हा माझ्या तोंडून वदवून घेतलं. मग प्रश्न सुरू झाले. किती खातात? रक्त गेलं तर ते नव्याने करायला प्राण्याला जास्तीचं जेवण लागतं का? खाजवण्यात किती शक्ती जाते? आत शत्रू बसलाय म्हणून शरीर तापतं, त्याचं सरपण कुठून येतं? मी एम.एस्सी.पर्यंत शिकलेली, पण कॉलेजात आम्ही जंतांची नावं शिकलो होतो, दात मोजले होते, आकृत्या काढल्या होत्या. त्या जंतापायी त्या प्राण्याचा दिवस कसा जातो, हे कुणी विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात त्यांनी मागच्या खाचरातून बेडूक आणले. अंगणात सोडून काठीने जमिनीवर टकटक करायचे आणि बेडूक किती उड्या मारून बसतो ते बघायचे. काही बेडूक अंगण ओलांडून कुंपणापार जात. काही थोड्या उड्या मारून जे बसत, ते कितीही टकटक केली तरी घसा हलवत बसूनच. गल्लीतले लोक कुंपणाशी उभे राहून पैजा लावत. काकू पदराने तोंड झाकून हसत.

"हा बघ," एका बसक्या बेडकाकडे बोट करून काका मला म्हणाले. "गुबगुबीत आहे, जखम नाही, वय झालेलं दिसत नाही. मग दमतो कशाने? तू कॉलेजात कापतेस ना? उघड याला."

मी ट्रे आणला, क्लोरोफॉर्म दिला आणि व्हरांड्यात बेडूक उघडला. फुप्फुसं फुगवून भिंगाखाली धरली, तर आत काळपट शेवयांसारखे जंत वळवळत होते. रक्त पिऊन काळे झालेले. काका भिंगाला डोळा लावून बसले ते उठेनात. "हा भात्यातच बसलाय! श्वास पुरणार कसा, उडी मारणार कसा!" लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. मग थोडे शांत झाले आणि म्हणाले, "आता हा बंद कसा करायचा?"

"कोण?"

"बेडूक."

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. पण ते माझ्याकडे खरोखरच उत्तरासाठी बघत होते. क्लोरोफॉर्म कशासाठी दिला, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण डोळा भिंगाला लागल्यावर विसरले असावेत.

"काका, तो मेलाय."

"बॉयलर उघडून बघितला, की पुन्हा झाकण लावून पेटवता येतो," ते म्हणाले.

मी पुढचं शास्त्र सांगितलं. हा एकच बघून काही सिद्ध होत नाही. त्या लांब उड्यावाल्याच्या फुप्फुसातही जंत असतील तर? तोही उघडायला हवा. काका कुंपणाकडे बघत म्हणाले, "तो गेला. आणि असता तरी नको." त्यांनी बेडकाला पेरूच्या झाडाखाली पुरलं आणि उरलेले बेडूक खाचरात सोडून दिले. नंतर बरेच दिवस त्यांनी जनावरांचा विषय काढला नाही. आईला हायसं वाटलं. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

चैत्रात त्यांनी माझं दार वाजवलं. रविवार होता. "वर बघ," ते म्हणाले.

व्हरांड्याच्या छताला पाकोळ्यांची घरटी होती. पाकोळी म्हणजे कोयत्याच्या पात्यासारख्या पंखांचं काळं पाखरू, कंबरेवर पांढरा पट्टा. दिवसभर हवेतच. तिथेच किडे टिपायचं, तिथेच पाणी प्यायचं. पाय इतके नाजूक, की जमिनीवर पडली तर धड उठताही येत नाही. पिसं आणि काड्या थुंकीने चिकटवून केलेल्या घरट्यांचा एक घोस आमच्या दारावर होता आणि दुसरा सामंतांच्या दारावर. वर्षानुवर्षं तीच घरटी वापरात. आम्हा सगळ्यांना त्यांची इतकी सवय झाली होती, की त्यांच्याकडे कोणी बघत नसे.

काकांनी मूठ उघडली. आत एक पिल्लू होतं, नुकती पिसं फुटलेलं. त्यांनी बोटाने पिसं बाजूला केली तशी एक चपटी तपकिरी माशी खेकड्यासारखी तिरकी पळाली. पंख असून नसल्यासारखे.

"रक्त पिते?"

"पिते," मी म्हटलं.

"आणि बाहेरच राहते! चिमट्याने काढता येते. कुणाला उघडायला नको. आमच्याकडे नळ्या साफ करायचो तस्सं. अर्धी घरटी साफ करायची, अर्धी तशीच ठेवायची. मग बघू खाल्लेलं कुठे जातं ते."

मला मान्य करायला हवं, की माझ्या विभागातल्या कुणाच्याही तोंडून इतका सरळ प्रयोग मी ऐकला नव्हता.

शिडी लागली. शिडी धरायला काकू. मी संध्याकाळी आणि रविवारी हाताशी असायचे, एरवी चढणारे काका आणि खाली उभ्या काकू. आमच्या दारावरच्या घोसातली माशी न् माशी त्यांनी चिमट्याने वेचून रॉकेलच्या वाटीत टाकली. दर काही दिवसांनी पुन्हा. सामंतांच्या दारावरच्या घोसाला हात लावला नाही. पिल्लांची वजनं करायला सोनाराकडचा जुना काटा पैदा केला. पिल्लाला मलमलीच्या पुरचुंडीत ठेवायचं आणि दुसऱ्या पारड्यात तोळे, मासे, गुंजा. पुरचुंड्या शिवून दिल्या काकूंनी, आणि रोज धुवायच्याही त्याच, कारण पिल्लं त्यात घाण करत.

या सगळ्यात सामंतांचा विसर पडला होता. सामंत मालवणचे, एका छापखान्यात कामाला. बायको सुमन नुकतीच बाळंत होऊन माहेराहून परतली होती. एका सकाळी तिची किंकाळी ऐकू आली. दाराशी टांगलेल्या पाळण्यात, बाळाच्या दुपट्यावर, वरून पडलेली माशी चालत होती.

सामंत बनियनवर, हातात कपडे वाळत घालायचा बांबू घेऊन बाहेर आले. "काका, बाजूक व्हा. आज ही घरटी रवाची नाय."

"सामंत, अहो, आत पिल्लं आहेत."

"आणि ह्या काय मग? माझ्या पोराच्या अंगार पडतत ते किडे! आणि ह्यांच्या दारावरचे तुम्ही साफ करतास, माझे नाय. कित्याक? आमी भाडा देत नाय?"

काका खरं ते बोलले, आणि ते बोलायला नको होतं. "तुलना करायची तर एक बाजू घाण ठेवावी लागते."

सामंतांनी बांबू उचलला. काका त्याच्याखाली जाऊन उभे राहिले. सुमन रडायला लागली, बाळ रडायला लागलं, गल्ली जमली. शेवटी सामंतांनी बांबू खाली टेकला आणि विचारलं, "एकच सांगा. ती माणसाक चावता काय नाय?"

मी तोंड उघडणार होते. पुस्तकात वाचलं होतं, की पाखरांवरच्या या माश्या माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत. काकांनी मला हाताने थांबवलं. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "संध्याकाळी सांगतो."

आणि त्यांनी एक जिवंत माशी आपल्या उघड्या हातावर ठेवून तिच्यावर काचेचा पेला उपडा घातला. तो दिवसभर तसाच. पोस्टमन आला, काकांनी डाव्या हाताने टपाल घेतलं. दूधवाला आला, त्याला माशी दाखवली. जेवताना काकूंनी भात कालवून चमचा डाव्या हातात दिला. दुपारी मी आत डोकावले, तर काका आरामखुर्चीत, हात मांडीवर, पेल्यात माशी आणि चेहऱ्यावर अत्यंत उत्सुक भाव. त्या माशीने चावू नये म्हणून मी मनातल्या मनात विनवण्या करत होते. चावली नाही तर घरटी वाचणार होती.

संध्याकाळी ते पेला काढून सामंतांच्या दारात गेले आणि हात पुढे केला. हातावर लाल गांधी उठली होती. "चावते," ते म्हणाले. "भूक लागल्यावर. झोंबतंही चांगलंच. तुमचं बरोबर आहे."

सामंत गांधीकडे बघत राहिले. इतक्या सरळपणे हरणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे त्यांना कळेना. "मग आता?" त्यांनी विचारलं, आणि आवाज पुष्कळ खाली आला होता.

"तुम्ही मागे आमच्या खोल्यांत या. तिथे घरटी नाहीत. आम्ही इथे राहतो. पिल्लं उडाली, की पुन्हा बदलू."

तोडगा सगळ्यांना पसंत पडला. सामंतांनी काकांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. दोन घरांची भांडी, अंथरुणं, डबे, देव्हारा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेलं. काका त्या वेळी शिडीवर होते, कारण वजनांची वेळ झाली होती. आई आणि मी मदतीला गेलो तेव्हा काकू पाण्याचं पिंप एकट्या सरकवत होत्या. "राहू द्या हो," त्या म्हणाल्या, "झालंच आता."

पिल्लं मोठी झाली. उडायच्या बेताला आली तसा काकांचा चेहरा पडत चालला. साफ घरट्यातली पिल्लं आणि माश्यांनी भरलेल्या घरट्यातली पिल्लं काट्यावर जवळजवळ सारखी भरत होती, दोन तोळ्यांच्या आगेमागे. गुंजेचा फरक, तोही कधी इकडे कधी तिकडे. ते काटा पुन्हा पुन्हा पुसून बघत.

"म्हणजे माश्यांनी काहीच बिघडत नाही," मी म्हटलं. "निघतो कधी कधी असाही निकाल."

"रक्त जातंय डोळ्यांदेखत, आणि बिघडत नाही? कसं शक्य आहे?" ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागले. आणि मध्येच थबकले. मला ते थबकणं अजून दिसतं, एक पाय पायरीवर, एक हवेत. "गळती आहे. वाफ तेवढीच आहे. अगं पोरी, मग जास्तीचा कोळसा कोण टाकतंय?"

त्यानंतर आम्ही पिल्लांकडे बघणं सोडलं आणि मोठ्या पाखरांकडे बघायला लागलो. समोरच्या चाफ्याखाली खुर्च्या टाकून एका घोसावर काका, दुसऱ्यावर मी. दोघांनाही लवकरच दिसलं ते इतकं उघड होतं, की आधी कसं दिसलं नाही याची लाज वाटावी. आमच्या दारावरच्या पाकोळ्या येत, भरवत आणि मग जरा दम खाऊन जात. उन्हं कलली, की उंच आकाशात किलबिलत नुसत्या भिरभिरत. सामंतांच्या दारावरच्या त्या किलबिलाटात नसत. त्या येत होत्या, जात होत्या, येत होत्या. सकाळी इतरांआधी सुरुवात आणि दिवेलागणीला सगळ्यांत शेवटी परत. पिल्लांचं जेवढं रक्त जात होतं, तेवढा घास त्या जास्तीचा आणत होत्या. माश्यांचं पोट आई-बाप भरत होते.

दोन दिवसांनी त्यातली एक पडली. दुपारची, सामंतांच्या दारासमोर. घरट्यापाशी आली, पकडता आलं नाही, आणि फरशीवर आपटून पंख पसरून पडून राहिली. काकांनी उचलली. छातीचं हाड बोटाला लागत होतं. पिसांत माश्या. काट्यावर टाकली तर तिच्या पिल्लांपेक्षाही हलकी भरली. आणि तिचा घसा मात्र लिंबासारखा टम्म फुगलेला.

"हे काय? गाठ?"

"किडे आहेत," मी सांगितलं. "थुंकीत बांधलेला गोळा. पिल्लांसाठी आणतात."

"म्हणजे तोंडात जेवण आहे?"

"हो."

"आणि ही उपाशी मरायला टेकलीय." ते तिच्याकडे बघत राहिले. "मग गिळत का नाही?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. काकू शिडी भिंतीला लावत होत्या. त्या म्हणाल्या, "सोडा हो तिला लवकर. वर पिल्लं ओरडतायत."

काकांनी तिच्या अंगावरच्या सगळ्या माश्या वेचल्या. मग गच्चीवर जाऊन उघड्या तळहातावर तिला धरून उभे राहिले. ती बराच वेळ नुसती बसून होती. मग तळहातावरून घरंगळल्यासारखी खाली गेली, आता आपटते असं वाटेपर्यंत खाली, आणि अंगणाच्या वीतभर वरून उचलली गेली. उंच गेली नाही. वळली आणि थेट घरट्यात शिरली.

काका खाली आले ते चिमटा आणि वाटी घेऊनच शिडीवर चढले आणि सामंतांच्या बाजूची घरटी साफ करायला लागले.

"काका, काय करताय! पिल्लं अजून उडायची आहेत. एवढे दिवस थांबलो, आणखी थोडे थांबलो तर पक्कं होईल सगळं."

"उत्तर मिळालंय."

"एका पाखरावरून? बेडकाच्या वेळीही मी म्हटलं होतं..."

"तुला पक्कं करायचं असेल तर पुढच्या वर्षी कर. चुकीचं म्हणत नाही मी. पण माझ्याच्याने आता हिच्या जिवावर तेच पुन्हा विचारवत नाही." आणि वरून वाटीत माश्या टाकत राहिले.

मी चिडले होते. शास्त्राच्या दृष्टीने आजही मला माझंच म्हणणं बरोबर वाटतं. पण खाली शिडी धरायला काकू होत्या, त्यांना बाजूला करून मी धरली.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे व्हरांड्यात बसलो होतो. आई आणि काकू तांदूळ निवडत होत्या. काकांचा उत्साह परतला होता आणि ते आईला सगळं समजावत होते. "म्हणजे बघा, बाहेरून बघणाऱ्याला पत्ताच लागत नाही. पिल्लू गुटगुटीत, वजन जागेवर. तो म्हणणार, सगळं ठीक आहे. आता आमच्या विनूचंच घ्या."

विनू त्यांचा मुलगा. नागपूरला इंजिनिअर होता, त्याचा फोटो मी पाहिला होता, चांगला धिप्पाड.

"लहानपणी त्याला सारखा हिवताप. आज उतरला की चार दिवसांनी पुन्हा. मी सदा फिरतीवर. पण घरी आलो, की पहिलं काम म्हणजे त्याला वखारीत नेऊन तराजूवर बसवायचो. सांगतो तुम्हाला, एवढा ताप, पण पोराचं वजन कधी घटलं म्हणून..."

ते बोलता बोलता थांबले.

"माझं घटलं होतं," काकू म्हणाल्या. सुपातून मान वर न करता.

आईचे हात थांबले. वर पिल्लांची चिरचिर चालली होती.

"किती?" काकांनी विचारलं. त्यांना दुसरं काही विचारताच येत नसे.

"मला कुठे बसवलंत तराजूवर?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या विसरलेल्या गोष्टीची आठवण करून दिल्यासारखं त्या म्हणाल्या आणि खडा वेचून बाजूला टाकला. आई दूध उतू जाईल म्हणून उठली. दूध शेगडीवर नव्हतंच. मीही तिच्या मागे आत गेले.

पिल्लं उडाली. सामंत आपल्या खोल्यांत परतले. या वेळी सामान हलवताना काका शिडीवर नव्हते, पिंपाच्या एका बाजूला होते, आणि "जपून, जपून" असं काकूंनाच सांगत होते. पण मला त्यांची आठवण येते ती त्यानंतरच्या एका शनिवारची.

कॉलेज अर्ध्या दिवसाने सुटलं होतं. मुलुंडला उतरून बाहेर आले तर तिकिटाच्या खिडकीजवळ वजनाचं यंत्र होतं, लाल रंगाचं, दिवे लुकलुकणारं, आणि त्याच्यासमोर काका आणि काकू. नवे पैसे अजून आले नव्हते. काकांच्या चिमटीत एक आणा. काकू नऊवारीत, हातात मंडईतून भरलेली भाजीची पिशवी, आणि चेहरा लाजेने लाल.

"या वयात मी मशीनवर चढू? लोक बघतायत."

"लोक आपापल्या गाड्या बघतायत. चढ."

"घरी सोनाराचा काटा आहे तुमचा, त्याच्यात बसवा मला."

"अगं, चढ ना."

मला बघून काकूंना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मुद्दाम टाइमटेबल वाचायला वळले. शेवटी त्या चपला काढून, देवळात शिरावं तशा त्या यंत्रावर चढल्या.

"पिशवी दे इकडे," काका म्हणाले. "नाहीतर भोपळ्याचं वजन तुझ्या नावावर लागेल."

त्यांनी पिशवी घेतली. आणा टाकला. चक्र गरगरलं, दिवे लुकलुकले आणि खालून पुठ्ठ्याचं तिकीट पडलं. काकांनी चष्मा वर सरकवून ते वाचलं. मागे भविष्य छापलेलं असायचं. ते त्यांनी उलटून बघितलंसुद्धा नाही.

"किती?" काकूंनी विचारलं.

काकांनी तिकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. "आजपासून बघू," ते म्हणाले.

काकू उतरल्या, चपला घातल्या आणि सवयीने पिशवीसाठी हात पुढे केला. काकांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"अहो, द्या. तुम्हाला सवय नाही."

"होईल."

ते दोघं रस्त्याला लागले. मी जरा मागून. काकांना दर थोड्या वेळाने थांबून हात बदलावा लागत होता. भोपळा मोठा असावा. काकूंना मोकळ्या हातांचं काय करावं ते कळेना. आधी त्यांनी पदर सारखा केला, मग केसांवरून हात फिरवला, मग दोन्ही हात सरळ खाली सोडले. काका पुन्हा थांबले तेव्हा त्या थांबल्या नाहीत. काका वळणाशी आले तोवर त्या बऱ्याच पुढे गेल्या होत्या, आणि झपाझप चालत होत्या. एवढं झपाझप चालता येतं त्यांना, हे मला तोवर माहीत नव्हतं.